शर्यतीला बघे हवेत

एका कोर्समेटनं व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवलं. सह्याद्रीत हौशी माउंटन बाइक शर्यत, पन्नास किलोमीटर आणि पंचवीस किलोमीटर असे दोन गट. टी-शर्ट, पदक, ई-प्रमाणपत्र, वाटेत तीन ठिकाणी पाणी आणि केळी, शेवटी पोहे, फोटो मोफत. खाली प्रायोजकांच्या चिन्हांची रांग. पोस्टर मी दोनदा वाचलं. शर्यत कुठून बघायची, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. बघायला कुणी येईल ही शक्यताच तयार करणाऱ्याच्या मनाला शिवली नव्हती.

आपल्याकडच्या हौशी एमटीबी शर्यतींचं दुखणं रस्ते, सायकली किंवा पैसा हे नाही, असं माझं मत होत चाललंय. सायकली आता चांगल्या मिळतात, डोंगर देवानं फुकट दिलेत, आणि प्रवेश फी भरायला लोक तयार आहेत. दुखणं असं की शर्यत कुणी बघत नाही, आणि कुणी बघावी म्हणून आयोजक काही करत नाहीत. "सायकलिंगला आपल्याकडे प्रेक्षक नाही हो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. प्रेक्षक पावसासारखा आपोआप पडत नाही. त्याला बोलवावं लागतं, उभं राहायला जागा द्यावी लागते आणि काय चाललंय ते सांगावं लागतं. हे काम आयोजकाचं.

हे कोलकात्यात बसून सुचायला कारण आहे. सध्या माझं पोस्टिंग इथं आहे आणि संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला की मी एस्प्लनेडपर्यंत चालत जातो. फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालंय, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनंच सांगावं लागतं. मैदान ओलांडलं की एस्प्लनेड. बसगाड्या, ट्रामचे रूळ, लेनिनचा पुतळा, २०२४ च्या मार्चपासून हुगळीच्या खालून हावड्याला जाणारी मेट्रो, आणि फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही एवढे फेरीवाले. या शहराला बघण्याचा शौक आहे. बटाटा सोलायचं यंत्र विकणारा माणूस दोन बटाटे सोलतो तेवढ्यात वीस जण उभे. त्यातले पंधरा काही घेणार नाहीत, पण मत प्रत्येकाला असतं.

इथून हाकेच्या अंतरावर मैदानात १९११ साली २९ जुलैला मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट यांच्यात आयएफए शिल्डचा अंतिम सामना झाला. मोहन बागाननं तो २-१ असा जिंकला. एक सोडून त्यांचे सगळे खेळाडू अनवाणी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. लोक इतके आले होते, आगगाडीनं, होडीनं, पायी, की बहुतेकांना मैदानावरचं काहीच दिसत नव्हतं. तेव्हा आतल्या मंडळींनी गोल झाला की पतंग उडवून मागच्यांना गुणसंख्या कळवली. दिसत नसताना हजारो लोक तासभर उभे राहिले, कारण त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचत होती. जिंकलेल्यांचा आनंद जसा मोठा तशी पतंगवाल्याची अक्कलही मोठी. (हरलेला संघ पलटणीचा होता हे एक फौजी म्हणून नोंदवून ठेवतो. गोऱ्यांची पलटण असल्यामुळे दुःख मात्र नाही.)

आता आपल्या शर्यतीकडे या. पहाटे सहाला शंभर-सव्वाशे सायकलस्वार एका रिसॉर्टच्या अंगणातून सुटतात. दहा मिनिटांत अंगण रिकामं. बायका-पोरं, आई-वडील जे कुणी सोबत आलेले असतात ते पुढचे तीन तास प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून मोबाइल बघतात. डीजे मोठ्यांदा गाणी लावतो. कोण पुढं आहे, कोण पंक्चर झालं, कुणी चढावर कुणाला गाठलं, कुणालाच पत्ता नाही. मग एकदम एक जण धुळीनं माखलेला येतो, टाळ्या होतात, फोटो निघतो. शेवटचे पंधरा-वीस येतात तेव्हा कमान उतरवायला सुरुवात झालेली असते. बक्षीस समारंभाला पहिले तीन सोडले तर बाकीचे कपडे बदलून गाडीत सायकल चढवत असतात. अशा ठिकाणी पुढच्या वर्षी कुणी मुद्दाम बघायला यावं तरी का?

जगात या खेळानं हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलाय, आणि तोही खेळाचा आकार बदलून. माउंटन बाइकची क्रॉस कंट्री शर्यत १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये आली. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी जात नाही. साधारण चार ते सहा किलोमीटरच्या एकाच वाटेवर फेऱ्या असतात. त्यामुळे एका ठिकाणी उभं राहिलेल्या माणसाला प्रत्येक सायकलस्वार पाच-सहा वेळा दिसतो. मागच्या फेरीला कोण किती मागं होता आणि आता किती, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. पूर्वी या शर्यती दोन तासांच्या वर चालायच्या, आता सुमारे दीड तासात आटोपतात. २०१८ पासून वर्ल्ड कपमध्ये वीस-पंचवीस मिनिटांची छोटी शर्यतही घेतात. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली असतील, पण लोक येतात. युरोपात प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत वाटेच्या कडेला उभे असतात. आपल्याकडे घुंगरमाळा घरोघरी खुंटीला आहेत आणि आपण डीजे आणतो.

फेऱ्यांची शर्यत हौशी आयोजकालाही स्वस्त पडते, हे कुणी लक्षात घेत नाही. पन्नास किलोमीटरच्या एका मोठ्या वाटेवर तुम्हाला पन्नास किलोमीटर राखायचे असतात. सहा किलोमीटरच्या वाटेवर आठ फेऱ्या घेतल्या तर सहाच राखायचे. मार्शल, पाणी, ॲम्ब्युलन्स, वायरलेस सगळं एकवटतं. फौजेत कोणत्याही जेसीओला विचारा, तीस माणसांत तो कोणती आघाडी धरेल. मग आपले आयोजक मोठी वाट का धरतात? कारण "अमुक ते तमुक, इतके किलोमीटर, इतकी चढण" हे पोस्टरवर भारी दिसतं आणि सायकलस्वाराच्या स्ट्राव्हावरही.

लांब शर्यतींना माझा विरोध नाही. हिमाचलात २००५ पासून एमटीबी हिमालय ही कित्येक दिवसांची शर्यत होत आली आहे आणि आमच्या आर्मीच्या टीम तिथं वर्षानुवर्षं उतरल्या आहेत. तिची मजा तिच्या लांबीत आहे. पण ती सुटायची सिमल्याच्या रिजवरून, ऐन गर्दीच्या जागी, रानातल्या रिसॉर्टमधून नव्हे. मुक्काम गावांजवळ पडायचे. शाळेतली पोरं हात पुढं करून टाळी द्यायला रस्त्यावर उभी असायची. जालोरीसारख्या खिंडीच्या चढावर त्या टाळीनं किती फरक पडतो, हे ज्यानं ती घेतलीय त्यालाच ठाऊक. घरापासून दोन हजार किलोमीटर दूर, एक शेंबडं पोर "अंकल, बस थोडा और" म्हणतं आणि मोडलेला माणूस पुन्हा पेडल मारतो. त्या पोराला तुमचं नाव माहीत नसतं, कितवे आहात याच्याशी देणंघेणं नसतं. शरीरशास्त्रात याचं काय स्पष्टीकरण असेल ते असो.

इथवर मी आनंदाबद्दल बोललो. आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या लेखी जास्त महत्त्वाची.

काही वर्षांपूर्वी रजेवर असताना मी मावळातल्या अशाच एका हौशी शर्यतीत उतरलो होतो. आयोजकांचं नाव घेत नाही, मुद्दा त्यांच्या एकट्याचा नाही. वाटेच्या खुणेसाठी लाल-पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फिती आदल्या संध्याकाळी झाडांना बांधलेल्या. सकाळी त्यातल्या निम्म्या जागेवर नव्हत्या. पुढं एका वस्तीजवळ दोन खोंडांच्या शिंगांना त्या दिमाखात बांधलेल्या दिसल्या, तेव्हा उलगडा झाला. वस्तीवरच्या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे. रानात रंगीत फिती सापडल्या, त्यांनी बैल सजवले. मी त्या वयाचा असतो तर तेच केलं असतं.

त्याच वस्तीच्या खालच्या उतारावर, एका आंधळ्या वळणानंतर, शेळ्यांचा कळप वाट ओलांडत होता. माझ्या पुढं विशीतला एक मुलगा होता. शेळ्या वाचवायला त्यानं ब्रेक मारला आणि हँडलवरून पुढं गेला. मी पोहोचलो तेव्हा शुद्धीवर होता, पण डावा खांदा भलत्याच जागी दिसत होता आणि डाव्या बरगडीखाली हात लावू देत नव्हता. गळपट्टीचं हाड मोडलं तर माणूस मरत नाही. त्या बरगडीखाली प्लीहा असते, आणि ती फाटली तर मरू शकतो. वळणावर मार्शल नव्हता. पुढच्या मार्शलपर्यंत मागून येणाऱ्या एकाला पिटाळलं, तर त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती. ॲम्ब्युलन्स होती, ती सुरुवातीच्या कमानीजवळ, अकरा किलोमीटरवर, आणि तिला ही वाट चढता आलीच नसती.

ज्याच्या शेळ्या होत्या त्या म्हाताऱ्यानं हाक मारली. वस्तीवरून चार-पाच जण आले. शिडी आणली, तिच्यावर घोंगडी टाकली, मुलाला आडवा केला आणि आयोजकांच्या नकाशात नसलेल्या एका पायवाटेनं वीस मिनिटांत डांबरी रस्त्यावर नेऊन ठेवला. तिथून दुधाच्या टेम्पोतून तालुक्याला. प्लीहा शाबूत निघाली, खांद्याचं ऑपरेशन झालं, आता तो पुन्हा सायकल चालवतो. रस्त्यावर टेम्पोची वाट बघताना तो म्हातारा मला म्हणाला, "सायेब, आदी सांगितलं असतं तर दोन पोरं उभी केली असती की वळणावर. आमी काय घरीच व्हतो."

आमी काय घरीच व्हतो. मी बरीच ब्रीफिंगं ऐकली आणि दिली आहेत. शर्यत संयोजनावर याहून नेमकं वाक्य अजून ऐकलेलं नाही.

ज्याला आपण प्रेक्षक म्हणतो तो डोंगरात दुहेरी काम करतो. तो टाळी वाजवतो, आणि तो बघत असतो. पडलेल्याला पहिला बघणारा तोच. गुरं आवरणारा तोच. चुकीच्या फाट्यावर वळलेल्याला "ओ, इकडं कुठं" म्हणणाराही तोच. सैन्यात आम्ही कुठल्याही नव्या भागात गेलो की नकाशाआधी स्थानिक माणूस शोधतो. ज्याला गुरं चारायची वाट माहीत त्याच्याइतका वाटाड्या नाही. शर्यतीचे आयोजक जीपीएसवर वाट आखतात, ड्रोननं चित्रण करतात आणि ज्या गावच्या पांदीतून शंभर सायकली जाणार तिथल्या पोलीस पाटलाला फोन करत नाहीत.

आणि हे गाव गर्दीचं नियोजन शिकायला आपल्याकडे येणार नाही, आपल्यालाच शिकवील. यात्रेतला कुस्तीचा फड आठवा. वर्गणी कोण गोळा करणार, जोडी कोण लावणार, पंच कोण, हलगीवाले कुठून आणायचे, पाहुण्या पैलवानांचं जेवण कुणाकडे, सगळं ठरलेलं. माइकवरचा निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, मागच्या साली कुणाला चितपट केलं, सगळं सांगतो. दहा मिनिटांत परगावच्या माणसालाही कळतं की कुणाच्या बाजूनं ओरडायचं. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीत तर प्रत्येक बारी काही सेकंदांत संपते, तरी लोक दिवसभर उन्हात बसतात. कारण प्रत्येक बारीचे सेकंद लगेच माइकवरून पुकारले जातात. कोणता गाडा पहिला, कोणाचा वेळ मोडला, हे शेवटच्या माणसालाही माहीत असतं. तोच मैदानावरचा पतंग झाला की. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा वाट मोकळी झाली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या सात वर्षांत प्रेक्षक आटला नाही. प्राण्यांच्या हालांचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. घाटात घुसणाऱ्या गर्दीमुळे माणसंही जखमी होतात, ते कुणी अनुकरण करावं असं नाही. पण प्रेक्षक कसा धरून ठेवायचा, हे शिकायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. 'घाटाचा राजा' हा किताब बैलगाड्यालाही आहे आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्यालाही. एकाच मातीतले शब्द. त्या सायकल शर्यतीसाठी खोपोली-लोणावळ्याला लोक रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, कारण घाट कुठं सुरू होतो आणि राजा कुठं ठरतो हे त्यांना ठाऊक होतं. लोकांना अख्खी शर्यत दिसायची गरज नसते. एक जागा लागते, जिथं काहीतरी ठरणार आहे.

धावण्याच्या क्षेत्रात साताऱ्यानं हे करून दाखवलंय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जायचं आणि त्याच वाटेनं परत. त्याच वाटेनं परत, यात खरी गंमत आहे. पुढचे उतरताना मागच्यांना भेटतात, उभे राहिलेले लोक प्रत्येकाला दोनदा बघतात. सातारकर ती आपली मानतात. ढोल-ताशा, लेझीम, शाळेची मुलं, आणि घाटातल्या धुक्यात कुणीतरी गूळ-शेंगदाणे पुढं करणारं. ती शर्यत अख्ख्या शहराची झाली म्हणून पोलीस, डॉक्टर आणि दुकानदार तिच्यासाठी उभे राहतात. एमटीबीला हे का जमू नये? गुणवत्ता नाही म्हणावं तर संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय पातळीवर पदकं घेऊन आली आहे. केरळात पोनमुडीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, म्हणजे मोठी स्पर्धा भरवायची ताकदही देशात आहे. यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा जिल्ह्यातल्या गावागावांतून लोक रस्त्याच्या कडेला आले. ते डांबरी रस्त्यावरचं, सरकारी ताकदीचं काम, हौशी मंडळींना तेवढं जमणार नाही. पण सायकल बघायला मराठी माणूस येत नाही, हे रडगाणं आता बंद करायला हरकत नाही.

एक गोष्ट एनडीएची सांगतो. खडकवासल्याला आंतर-स्क्वाड्रन क्रॉस कंट्री असते. ती धावलेला कुठलाही माणूस आयुष्यभर तिचं स्वप्न बघून दचकून उठतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. तिथं गुण फक्त पहिल्या दहांना नसतात. अमुक वेळेच्या आत आलेला एका एन्क्लोजरमध्ये, त्यानंतर आलेला दुसऱ्यात, आणि प्रत्येकाचे गुण स्क्वाड्रनच्या खात्यात. परिणाम असा की पहिला आलेला पठ्ठ्या पाणी पिऊन पुन्हा उलटा पळत जातो, आपल्या स्क्वाड्रनच्या शेवटच्या कॅडेटला ओढून आणायला. शेवटच्या दोनशे मीटरवर सर्वांत मोठा आरडाओरडा पहिल्यासाठी होत नाही. तो होतो एन्क्लोजर बंद व्हायला पंधरा सेकंद असताना येणाऱ्या एखाद्या जाड्या कॅडेटसाठी. गुण द्यायची पद्धत बदलली की प्रेक्षकाचं वागणं बदलतं. हौशी शर्यतीत सायकल क्लबांचे, गावांचे, कॉलेजांचे संघ करा, पाच जणांचा वेळ एकत्र धरा, पाचव्याचा वेळ निर्णायक ठेवा. मग बघू कमान कोण लवकर उतरवतो ते.

आमच्याकडच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. फौज शर्यत भरवते तेव्हा चुना आखलेला असतो, मार्शल जागेवर असतो, ॲम्ब्युलन्सचा चालक ॲम्ब्युलन्समध्येच असतो. पण प्रेक्षक म्हणजे शामियान्यातले सोफे, त्यांच्यावर पांढरे टर्किश टॉवेल, आणि प्रमुख पाहुणे. जवानांची कुटुंबं दोरीच्या मागं, उन्हात. पाहुणे आले की शर्यत सुटते आणि गेले की संपते. सुरक्षेला शंभर मार्क, आनंदाला पस्तीस. नागरी आयोजकांचं नेमकं उलटं असतं. दोघांनी एकमेकांकडे एक दिवस फुकट काम करावं असं मला वाटतं. मात्र "यार, तुझे वीस जवान दे ना मार्शल म्हणून" असे जे फोन येतात त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. जवान देशाच्या नोकरीत आहे, तुमच्या इव्हेंटच्या नाही. आणि ज्या गावात शर्यत आहे तिथले वीस जण घरीच असतात.

गर्दी आली की धोकाही येतो, असं म्हणणारे चुकत नाहीत. २०२१ च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्याच दिवशी एका प्रेक्षकाच्या हातातल्या पुठ्ठ्याला सायकलस्वार धडकला आणि अर्धा घोळका आडवा झाला. आपल्याकडे हातात पुठ्ठा नसेल, सेल्फीसाठी मोबाइल असेल. उताराच्या बाहेरच्या कडेला माणसं उभी राहता कामा नयेत. माणसं चढावर उभी करा, जिथं सायकल माणसाच्या वेगानं चालते आणि हाकेची गरजही तिथंच असते. उतारावर फक्त शिट्टी दिलेला माणूस. वनखात्याच्या हद्दीत, अभयारण्याच्या कडेला तर गर्दी न्यायचीच नाही. रानातले पाच किलोमीटर निर्जन राहू द्या, गावालगतचे दोन भरू द्या. एवढी आखणी करायला आयआयएमची पदवी लागत नाही, एक दिवसाची रेकी लागते, आणि ती पायी.

कोलकात्यात मला डोंगर नाही. चढण म्हणाल तर उड्डाणपूल, आणि तिथं सायकलला मनाई. २०१३ मध्ये इथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकल बंद केली होती. ज्या शहरातून, एस्प्लनेडजवळच्याच टाऊन हॉलपासून, १९२६ च्या डिसेंबरात बिमल मुखर्जी तीन साथीदारांसह जगप्रवासाला सायकलवर निघाले, त्या शहरानं हे करावं! ते १९३७ साली परतले. रविवारी पहाटे मी मैदानात गवतातून सायकल फिरवतो. एकदा पाठीमागून फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी "दादा, जोरे! आरो जोरे!" म्हणून आरोळी ठोकली. शर्यत नव्हती, मी कुणाला गाठत नव्हतो. तरी वेग वाढला, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

गावानं उभं राहावं तर गावाला काय मिळतं, हा प्रश्न शेवटी येतोच, आणि तो रास्त आहे. आज त्याला मिळते ती धूळ आणि केळीच्या साली. पोहे शहरातला केटरर आणतो, टी-शर्ट तिरुपूरहून येतो, पदकं कुठून तरी येतात. गावच्या बचतगटाला पोहे करू द्या. प्रवेश फीचा ठरावीक वाटा शाळेला द्या आणि तो आकडा माइकवरून सांगा. गावच्या पोरांसाठी साध्या सायकलींची एक फेरी ठेवा, गिअर नको, हेल्मेट तुमचं. ती पोरं पुढच्या साली फिती चोरणार नाहीत, बांधायला येतील. निवेदक गावचाच घ्या, त्याला सगळ्यांची नावं, गावं, नंबर असलेला कागद आदल्या रात्री द्या. आणि दर फेरीची वेळ त्याच्यापर्यंत पोहोचेल अशी वायरलेसची एक जोडी. ॲम्ब्युलन्स कुठं उभी करायची ते मात्र शेळ्यावाल्याला विचारा.